सदस्य क्रमांक १७४चा नकार

१

शनिवारी सकाळी लक्ष्मीप्रिया जिना चढून ऑफिसात आली, तर तिच्या खुर्चीवर मालक बसलेला. सतीशकुमार एरवी दहाच्या आत उगवत नसे, आणि उगवला तरी स्वतःच्या खुर्चीवर उगवे. आज साडेनऊलाच तो तिच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसला होता, आणि चेहरा असा, की घरात कोणी गेलंय.

"हरिणीच्या खात्यातून नकार गेलाय," तो म्हणाला. "रमणच्या घरी. बुधवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी."

"मग? नसेल पसंत."

"पसंत नसायला काय झालं? पुढच्या शुक्रवारी सुपारी फुटायची होती. हरिणीनं नकार दिला नाही, तिच्या अप्पांनी दिला नाही. कोणीतरी त्यांचं खातं उघडून दिलाय."

आता हे खातं काय, ते आधी सांगायला हवं. साल २००३. तंजावूरच्या दक्षिण वीथीवर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सतीशकुमारचा धंदा चाले. तमिळनाडूभर विखुरलेल्या मराठी घरांची लग्नं जुळवणारी वेबसाइट. पूर्वी हे काम देवळाच्या ओट्यावर बसून चार म्हातारे फुकट करत, आता कॉम्प्युटर करत होता. तीनशेबारा घरं सदस्य झाली होती. प्रत्येकाला एक क्रमांक आणि एक गुप्त शब्द. तो टाकला की आपलं खातं उघडणार, आलेली स्थळं दिसणार, खाली होकाराचं बटण, नकाराचं बटण, आणि कारण लिहायला एक चौकट. मुलीचं नाव मात्र पानावर कुठंच दिसायचं नाही. ब्राउझिंग सेंटरात चारचौघं मागून डोकावतात, मुलीचं नाव कशाला दाखवायचं, असा सदस्यांचा हट्ट. म्हणून नुसता क्रमांक. हरिणीचा १७४.

आणि हे सगळं चालवणारी, दुरुस्त करणारी, शिव्या खाणारी एकटी लक्ष्मीप्रिया. वय चोवीस.

"रमणच्या घरचे कुंभकोणमहून काल रात्री फोनवर वैद्यनाथ सरांना वाट्टेल ते बोलले," सतीशकुमार म्हणाला. वैद्यनाथ म्हणजे हरिणीचे वडील, निवृत्त हेडमास्तर. "सर तडक माझ्या घरी. गुप्त शब्द कोणाकोणाला माहीत, म्हणून विचारायला लागले. मी खरं ते सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"की सोमवारपासून सगळ्यांचे फॉर्म तुझ्या टेबलावर आहेत." त्यानं नजर खाली घातली. "आणि गेल्या वर्षी रमणचीच माणसं तुला बघायला आली होती, केसरी-बज्जी खाऊन गेली आणि नाही म्हणाली, हे सरांना माहीतच होतं. सरांनी आत्ता तुझ्या आईलाही फोन केलाय."

बाबा गेल्यापासून लक्ष्मीप्रियाच्या घरात मायलेकी दोघीच. आई, चंद्रमती, तालुका ऑफिसात टायपिस्ट होती. कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिला सकाळी सकाळी फोनवर हे ऐकावं लागलं.

"संध्याकाळी पाचला आपल्या मराठी घरांच्या संघमची बैठक आहे," सतीशकुमार म्हणाला. "चारपर्यंत उलगडा झाला नाही, तर सर तिथं सगळ्या घरांसमोर तुझं नाव घेणार आहेत."

२

कोपऱ्यात बसून पेपर वाचणाऱ्या माणसानं पेपर खाली केला. जयतीर्थ मामा, सतीशकुमारचे सख्खे मामा. पोस्टखात्यात तक्रार निरीक्षक होते. हरवलेली पत्रं, न पोचलेली पार्सलं शोधण्यात बत्तीस वर्षं घालवलेली, आणि निवृत्तीनंतर रोज इथं येऊन फुकटचा पेपर आणि फुकटची फिल्टर कापी. कॉम्प्युटरचं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि त्याची लाजही वाटत नसे.

"सतीशा, तू ऊठ तिच्या जागेवरून," ते म्हणाले. "लक्ष्मी, तू बस. फॉर्म तुझ्या टेबलावर कशाला आले, ते मला सांग. मी अडाणी आहे असं समजून सांग. आहेच म्हणा."

तिनं सांगितलं. दार उघडायचं काम, म्हणजे गुप्त शब्द तपासायचं काम, त्यांचा प्रोग्रॅम स्वतः करत नसे. त्यासाठी परदेशात कोणीतरी लिहून ठेवलेला एक तयार भाग जोडून घेतलेला. त्याला लायब्ररी म्हणतात.

"म्हणजे आपल्या सरस्वती महाल ग्रंथालयासारखी?"

"नाही मामा. बाहेरून आणलेला वॉचमन समजा. तो जुना झाला होता. त्याच्या जागी नवा आणायचा होता, दोन नंबरची आवृत्ती. नवा बसवा म्हणून सहा महिन्यांपूर्वीच सूचना आली होती."

"सहा महिने काय केलंत?"

लक्ष्मीप्रियानं मालकाकडं बघितलं. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा," हे सतीशकुमारचं आवडतं वाक्य होतं. तो खिडकीबाहेरच्या रिक्षा मोजायला लागला.

"जुना वॉचमन शब्द कुलूपबंद करून ठेवायचा," ती पुढं म्हणाली. "ती कुलपं नव्याला चालत नाहीत आणि उघडूनही देता येत नाहीत. म्हणून कागदी फॉर्म काढले आणि तीनशेबारा शब्द परत टाइप केले. गुरुवारी संध्याकाळी नवा बसवला."

"नकार गेला बुधवारी. म्हणजे जुन्याच्या राज्यात."

"हो."

"जुन्यात खोट काय होती?"

"बऱ्याच होत्या. एक तर लांब शब्द तो पुरता वाचत..."

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज झाला, आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं. वैद्यनाथ सर वर येत होते.

३

मागे हरिणी होती, डोळे सुजलेले. हेडमास्तरांनी लक्ष्मीप्रियाकडं बघितलंच नाही. एखाद्या भिंतीजवळून जावं तसे ते तिच्याजवळून गेले आणि समोर बसले.

"मला पोलिसांत जायचं नाही," ते सतीशकुमारला म्हणाले. "मुलीचं नाव पोलिसांत कोण नेतो? पण ज्यानं केलं त्यानं समाजात ताठ मानेनं फिरू नये, एवढंच."

मामांनी आधी हरिणीला विचारलं, "बुधवारी अकराला कुठं होतीस गे?"

"शाळेत. सातवीच्या वर्गावर." आणि मग स्वतःहूनच, "मला रमण पसंत आहेत मामा. दोनदा फोनवर बोललोय. आणि गुप्त शब्द मला माहीतच नाही, तो अप्पांच्या पंचांगात चिठ्ठीवर असतो."

"चिठ्ठी जाग्यावर आहे?"

"आहे," वैद्यनाथ म्हणाले. "मी बघितली. कोणी हात लावलेला नाही. म्हणून तर म्हणतो, दुसरीकडं तो शब्द एकाच ठिकाणी होता." आता त्यांनी बघितलं. लक्ष्मीप्रियाच्या टेबलावरच्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडं.

"नकाराचं कारण काय लिहिलंय?" मामांनी विचारलं.

लक्ष्मीप्रियानं पडद्यावर काढून दाखवलं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत एकच ओळ: एकच गोत्र, क्षमा करा.

"हाच तर अपमान," वैद्यनाथ म्हणाले. "आमचं काश्यप, त्यांचं भारद्वाज. लहान मुलालाही कळतं की एक नाही. ते म्हणाले, नको तर तोंडावर नाही म्हणा, असली थट्टा कशाला? शत्रूनंच लिहिलंय हे."

मामांनी ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला. "लक्ष्मी, तुझं गोत्र?"

"आत्रेय."

"बरं," ते म्हणाले, आणि का कुणास ठाऊक, एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. पण दुसऱ्याच क्षणी सतीशकुमारनं आणखी एक कागद पुढं केला. नकार कुठल्या जोडणीवरून आला त्याची नोंद. आला होता खालच्या मजल्यावरच्या साईरामच्या ब्राउझिंग सेंटरातून.

"आणि बुधवारी अकराला," वैद्यनाथ सावकाश म्हणाले, "खाली कोण होतं?"

"मी," लक्ष्मीप्रिया म्हणाली.

४

खोटं बोलून उपयोग नव्हता आणि तिला ते जमतही नसे. बुधवारी ऑफिसची लाइन बंद होती. नवी लायब्ररी उतरवून घ्यायला ती साईरामच्या सेंटरात तासभर बसली होती. हातात साधन, मनात राग, आणि वेळही जुळलेली. स्वतःवरचा आरोप तिला स्वतःलाच पटायला लागला, इतका तो चोख होता. घरचा फोन अजून आला नव्हता. आई रोज अकराला डबा खाल्लास का विचारायला फोन करी. आता साडेअकरा होत होते. विचारायची तिची इच्छाच राहिली नसेल, असं लक्ष्मीप्रियाच्या मनात आलं.

मामा तिला घेऊन खाली उतरले. साईराम पंखा पुसत होता.

"बुधवारी अकराला कोण कोण होतं, साईराम?"

"लक्ष्मीक्का एक नंबरला. दोन-तीनवर कॉलेजची पोरं. पाचवर एक तात्ता."

"कुठले आजोबा?"

"नाव नाही माहीत. बुधवारी सकाळी आणि शनिवारी दुपारी येतात. बायकोचा गुडघा आहे, तिला समोर व्यायाम करून घेतात त्या दवाखान्यात सोडतात आणि तासभर इथं बसतात. एका बोटानं टाइप करतात. पंखा बंद कर म्हणून माझं डोकं खातात." त्यानं खांदे उडवले. "पण त्या तात्तांना माउस धरता येत नाही मामा. ते कोणाचा शब्द चोरणार?"

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "ज्याला माउस धरता येत नाही, तो चोरी करत नाही. तो काय करतो माहीत आहे?"

"काय?"

"चुकतो," मामा म्हणाले, आणि जिना चढायला लागले.

५

"आता ऐक," वर आल्यावर मामा म्हणाले. वैद्यनाथ समोरच होते, पण मामा लक्ष्मीप्रियाशीच बोलत होते. "बत्तीस वर्षांत माझ्याकडं हजारो तक्रारी आल्या. प्रत्येक जण म्हणायचा, पत्र चोरलं. खरी चोरी निघाली किती वेळा? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची पत्रं भलत्या घरी पडलेली असायची. म्हणून मी आधी बघतो, की लिहिणारा खोटं बोलतोय का. एकच गोत्र. तू जर सूड म्हणून नकार लिहिला असतास, तर हे कारण दिलं असतंस?"

"नाही," ती म्हणाली. "दोन्ही गोत्रं फॉर्मवर आहेत. लगेच उघडं पडलं असतं. जुळत नाही म्हटलं असतं, नाहीतर शिक्षण, नाहीतर काही कारणच नाही."

"म्हणजे शत्रूनं लिहिलेलं नाही. शत्रू पटेल असं खोटं लिहितो. हे ज्यानं लिहिलं त्यानं मनापासून लिहिलंय, वर क्षमाही मागितली आहे. त्याच्या दृष्टीनं गोत्र एकच आहे. मुलगा भारद्वाज. मग लिहिणारा कोण?"

लक्ष्मीप्रियानं पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. "भारद्वाज. लिहिणाराच भारद्वाज आहे. त्याला वाटलं, हे स्थळ आपल्याच मुलीला आलंय. पानावर नाव नसतं, नुसता नंबर."

"शाबास. तो भलत्या घरी शिरलाय."

"पण शिरला कसा?" वैद्यनाथ मध्येच म्हणाले. "नंबर चुकू शकतो, मान्य. माझा गुप्त शब्द त्याला कुठून आला? चुकून आला? जयतीर्थ, ह्याला मी फसणार नाही."

मामांजवळचं तेवढ्यावरच संपलं होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. घड्याळात दोन वाजून गेले होते.

लक्ष्मीप्रियानं गठ्ठा पुढं ओढला आणि गोत्राच्या रकान्यावर बोट ठेवत फॉर्म उलटायला लागली. काश्यप, कौशिक, भारद्वाज. भारद्वाज निघाला की क्रमांक बघायचा. एकेचाळीस निघाले. त्यांतला एक १४७. ओरत्तनाडूचे वेंकटराव, मुलगी कनकलता. १४७ आणि १७४. मग तिनं गुप्त शब्दाच्या रकान्यात बघितलं, शेजारी वैद्यनाथांचा फॉर्म ठेवला, आणि हसायलाच लागली. सतीशकुमारला वाटलं, पोरगी कामातून गेली.

"सर," ती म्हणाली, "कोऱ्या कागदावर काहीही लिहायचं झालं, तर तुम्ही आधी वर काय लिहिता?"

"श्रीरामजयम," वैद्यनाथ म्हणाले. "सगळेच लिहितात. त्याशिवाय लेखणी कागदाला लागत नाही आमची."

"गुप्त शब्दाच्या चौकटीतही तुम्ही तेच लिहिलंत. श्रीरामजयम, आणि त्याला जोडून हरिणी. ह्या एकशे सत्तेचाळीसच्या वेंकटरावांनीही आधी श्रीरामजयम लिहिलं, पुढं कनकलता. टाइप करताना मला दिसत होतं, नव्वद घरांनी असंच केलंय. मी मनात हसले आणि पुढं गेले." तिनं एक छापील कागद काढला. नव्या लायब्ररीबरोबर आलेली सूचना. "मघाशी मी हेच सांगत होते मामा. जुना वॉचमन लांब शब्द पुरता वाचत नव्हता. फक्त पहिली आठ अक्षरं बघायचा, पुढचं सोडून द्यायचा. इंग्रजीत श्रीरामजयम लिहिलं, तर 'ज'पर्यंतच आठ अक्षरं भरतात. हरिणी असो, कनकलता असो, त्याला सगळे सारखेच."

"म्हणजे," सतीशकुमार म्हणाला, "नव्वद घरांना एकच किल्ली?"

"सहा महिने," लक्ष्मीप्रिया म्हणाली. तेवढं म्हणायचा तिला हक्कच होता.

वैद्यनाथांनी मान हलवली. "तर्क छान आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे."

आणि तेवढ्यात खालून कोणीतरी खणखणीत आवाजात भांडायला लागलं.

६

"बुधवारी उघडत होतं, आज का उघडत नाही?" पाच नंबरच्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ साईरामला विचारत होते. पांढरं धोतर, गळ्याशी बांधलेला मफलर, डोक्यावरचा पंखा बंद. "तोच नंबर, तोच शब्द. चूक आहे म्हणतो हा डबा. मी चुकतो? मी?"

"नंबर कोणता टाकलात?" धावत खाली आलेल्या लक्ष्मीप्रियानं विचारलं.

"माझाच. एकशे चौऱ्याहत्तर."

"आणि बुधवारी काय केलंत?"

"एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पण भारद्वाज. आमचंही भारद्वाज. क्षमा मागून नको म्हटलं. का? काही चुकलं?"

लक्ष्मीप्रियानं त्यांना हात धरून वर आणलं. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून जुनी लायब्ररी आणि जुनी कुलपं तशीच होती. तिनं वैद्यनाथांना समोर बसवलं. "सर, तुमचा नंबर टाका. शब्द मात्र ह्यांचा टाका. श्रीरामजयम कनकलता."

हेडमास्तरांनी एकेक अक्षर शोधून टाकलं. खातं उघडलं. त्यांनी हात मागे घेतला. मग तिनं त्यांना शेजारी नव्या लायब्ररीवर तेच करायला लावलं. ते उघडलं नाही.

वेंकटरावांना सगळं समजायला दहा मिनिटं लागली, आणि समजल्यावर ते मटकन खालीच बसले. "अय्यो, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न मोडलं मी," एवढंच म्हणत राहिले. मग उठले, आणि कुंभकोणमला फोन लावा म्हणाले, मीच बोलतो. बोलले ते असे, की रमणच्या वडिलांना एक शब्द मध्ये घालता आला नाही. चूक माझी, मुलगी गुणाची आहे, वैद्यनाथ देवमाणूस आहे, आणि तुमच्या मुलाचं गोत्र भारद्वाज नसतं तर मीच त्याला सोडला नसता. पलीकडून हसू ऐकू आलं. शुक्रवार कायम झाला. हरिणी खिडकीकडं तोंड करून रडली, पण ते रडणं निराळं होतं. सतीशकुमारनं सगळ्यांना कापी मागवली, आणि कोणी न विचारताच जाहीर केलं की इथून पुढं कुठलीही सूचना आली की लक्ष्मी म्हणेल त्या दिवशी बदल.

आपण सुटलो, हे लक्ष्मीप्रियानं मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं.

वैद्यनाथ सर काठी टेकत तिच्या टेबलापर्यंत आले. आता त्यांना तिच्याकडं बघवत नव्हतं, पण त्यांनी बघितलं.

"संघममध्ये मी आजच सगळ्यांसमोर सांगतो, कोणी काही केलेलं नव्हतं, आणि शोधलं कोणी," ते म्हणाले. "तुझी क्षमा मागतो, बाळ."

"माझी नको, सर." ती म्हणाली. "सकाळी तुम्ही माझ्या आईला फोन केलात. तिनं दिवसभर मला फोन केला नाही. तिला काय वाटलं असेल, हे मला सोसत नाही. तिला सांगा."

"तिला सांगायला हवं, खरंच. पण तिला काय वाटलं ते मला माहीत आहे." हेडमास्तरांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "मी बोललो ते तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'सर, माझ्या मुलीला कोणाला नकार द्यायचा असेल, तर ती स्वतःच्या नावानं देईल. आता फोन ठेवा, ती कामावर आहे. हे निस्तरेपर्यंत मला तिचा वेळ घ्यायचा नाही.'"